नेट की कट्टा? क्लबच्या हवेवरच्या बैठकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॅम (म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या) क्लबात नेट कंट्रोलच्या, म्हणजे नेट चालवणाऱ्यांच्या, पाळ्या लावण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे नव्या-जुन्यांचे सगळे प्रश्न माझ्याच फोनवर येऊन पडतात. तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. आमचं वेळापत्रक असं: रविवारी सकाळी साडेसातला ४० मीटरवर नेट, बुधवारी रात्री नऊला २ मीटरच्या रिपीटरवर नेट. (४० आणि २ मीटर हे लहरींचे पट्टे; रिपीटर म्हणजे ऐकलेलं लगेच पुन्हा जोरात प्रसारित करणारं मधलं स्टेशन.) आणि रोज जेवणं झाली की त्याच रिपीटरवर कट्टा. कट्ट्याची वेळ कोणी ठरवलेली नाही, तरी कधी चुकत नाही.

१. नेट म्हणजे काय? इंटरनेटशी त्याचा संबंध आहे का?

नाही. हा शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीचा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर अनेक स्टेशन्स जमतात, त्याला नेट म्हणायचं. याचं मूळ निरोप पोचवण्यात आहे. अमेरिकेत १९१४ साली हौशी रेडिओवाल्यांची जी संघटना निघाली (अमेरिकन रेडिओ रिले लीग), तिच्या नावातच 'रिले' आहे. तेव्हाच्या सेटचा पल्ला कमी, म्हणून निरोप एकानं दुसऱ्याकडे द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. त्याच संघटनेनं १९४९ मध्ये निरोपांच्या नेट्सची देशभर साखळी बांधली. आपल्या नेटवर आज निरोप थोडे आणि हजेरी जास्त असते, पण ठेवण तीच आहे.

२. औपचारिक नेट आणि कट्टा यांत नेमका फरक काय? माणसं तर तीच असतात.

पुढे कोण बोलणार हे कोण ठरवतं, एवढाच फरक. नेटवर ते नेट कंट्रोल ठरवतो. कट्ट्यावर ज्याचं बोलून झालं तो ठरवतो, किंवा कोणीच ठरवत नाही. ग्रामसभेत आणि पारावर गावातली तीच मंडळी असतात; ग्रामसभेत मात्र उभं राहून, नाव सांगून बोलावं लागतं.

बरेच जण समजतात की औपचारिक म्हणजे इंग्रजीत आणि 'सर-सर' करत बोलायचं. तसं काही नाही. आमच्या बुधवारच्या नेटवर कंट्रोल मराठीतच बोलतो, कोणी खोकला तर 'काढा घ्या' असंही सांगतो. पण एखाद्याला दुसऱ्याशी थेट बोलायचं असेल तर आधी कंट्रोलला विचारावं लागतं. ती परवानगी हेच औपचारिक नेटचं लक्षण. एक मधला प्रकारही आहे, ओपन नेट. कंट्रोल हजर असतो, यादी ठेवतो, पण स्टेशन्स एकमेकांना थेट हाक मारू शकतात. बुधवारी हजेरी संपल्यावरचा अर्धा तास आम्ही तसाच चालवतो.

३. माझ्याकडे अजून लायसन्स नाही. मला यात भाग घेता येईल का?

माइक हातात घ्यायचा तर लायसन्स हवं, त्याला पर्याय नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवान्यांच्या शाखेची परीक्षा द्यायची. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, एवढीच. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ आणि जनरल ग्रेडला व्हीयू२ असं सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं ओळखचिन्ह, मिळतं. जनरलसाठी मोर्सही यावं लागतं.

तोवर बुधवारी क्लबच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, येऊन बसा. चार नेट नुसती ऐकलीत की पुस्तकातलं अर्धं आपोआप कळतं. येताना वही आणा, आणि कोण कधी बोललं ते कंट्रोलच्या शेजारी बसून स्वतःही लिहून पाहा. आपल्या उत्तम कंट्रोलपैकी दोघं असेच तयार झालेत.

४. पहिल्यांदाच चेक-इन करणार आहे, म्हणजे हजेरी लावणार आहे. नेमकं काय बोलू?

जितकं कमी तितकं चांगलं. कंट्रोल म्हणेल, "आता चेक-इनसाठी या." पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबा, एक सेकंद थांबा, मग "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढे तुमची तीन अक्षरं फोनेटिकमध्ये, म्हणजे अशाच ठरलेल्या शब्दांत. बटण सोडा. नाव, गाव, नवी अँटेना, गुडघेदुखी यातलं काहीही या वेळी नको.

तो एक सेकंद महत्त्वाचा आहे. तुमच्या सेटचा टोन ओळखून रिपीटरचा ट्रान्समीटर उठायला क्षणभर लागतो. दाबल्या दाबल्या बोललात तर बाकीच्यांना 'व्हिक्टर'ऐवजी नुसतं 'टर' ऐकू येतं, आणि मग आठवडाभर कोणीतरी तुम्हाला टर म्हणून हाक मारतं.

कंट्रोल तुमचं कॉलसाइन परत उच्चारेल, म्हणजे यादीत नाव लागलं. मग पाळी येईपर्यंत ऐकत राहा. पाळी आली की नाव, कुठून बोलताय, सेट आणि अँटेना, कोणासाठी निरोप आहे का, एवढं सांगा. निरोप नसेल तर "नो ट्रॅफिक". शेवटी "बॅक टू नेट कंट्रोल". हात थरथरला तर थरथरू द्या, तो दिसत नाही. वाक्य कागदावर लिहून वाचलंत तरी कोणी हसणार नाही.

५. नेट कंट्रोल करतो काय? हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखंच ना?

हजेरी हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम ऐकण्याचं. नेट उघडताना कंट्रोल आधी विचारतो, कोणाकडे तातडीचा निरोप आहे का. मग कोणाला लवकर निघायचंय, मग गाडीतून बोलणारे, कारण ते डोंगराआड कधी जातील सांगता येत नाही. मग बाकीचे. हा क्रम ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं बदलायचा नाही.

मी पहिल्यांदा कंट्रोलला बसलो तेव्हा सतरा स्टेशन्सची यादी लाइट बिलाच्या पाठीवर केली आणि 'कोणी राहिलं का?' हे न विचारताच नेट बंद केलं. एक गृहस्थ चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून हँडीवर, म्हणजे हातातल्या छोट्या सेटवर, हाक मारत होते. तीनदा मारली, आणि तिन्ही वेळा कोणीतरी जोरदार सिग्नलवाला त्यांच्यावर चढला. महिन्याच्या बैठकीत भेटले तेव्हा म्हणाले, "मला वाटलं, नव्यांना घेत नाही तुम्ही." काय बोलणार? तेव्हापासून आमच्या नेटवर बाकीच्यांमध्ये पहिली हाक हँडीवाल्यांना आणि कमजोर सिग्नलवाल्यांना. शंभर वॅटवाले थांबू शकतात, त्यांचा आवाज कुठे जात नाही.

६. सगळे एकमेकांना आवाजावरून ओळखतो. मग सारखं कॉलसाइन कशाला?

कारण ऐकणारे फक्त आपणच नसतो. प्रत्येक स्टेशननं आपली ओळख देत राहावी हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. प्रत्येक संपर्काच्या सुरुवातीला आणि शेवटी कॉलसाइन द्यायचं, आणि लांबलं तर मध्येमध्येही. आमच्याकडे दर दहा मिनिटांनी द्यायची सवय आहे. कट्ट्यावर हमखास विसरतं. "अरे बंड्या, ऐक ना" असं वीस मिनिटं चालतं, आणि नव्यानं लावणाऱ्याला हा हॅम बँड आहे की कोणाचा बिनपरवाना वॉकीटॉकी, तेच कळत नाही. कट्टा मोकळा असतो, पण बिननावाचा नाही.

७. दोघं एकदम बोलले तर काय होतं?

याला डबलिंग म्हणतात. गंमत अशी की डबलिंग करणाऱ्या दोघांनाही ते कळत नाही, कारण बटण दाबलेलं असताना स्वतःचा रिसीव्हर बंद असतो. दोघंही मन लावून बोलतात, दोघंही "ओव्हर" म्हणतात आणि उत्तराची वाट पाहतात.

२ मीटरवर आपण एफएम वापरतो, ४० मीटरवर एसएसबी; लहरीवर आवाज चढवण्याच्या या दोन पद्धती. एफएमवर ज्याचा सिग्नल ठळकपणे जास्त, त्यालाच रिसीव्हर पकडतो आणि दुसरा जणू नव्हताच. दोघांची ताकद जवळजवळ सारखी असली तर नुसती किंचाळी आणि खरखर. एसएसबीवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतात, आणि कान तयार असेल तर दोन्हीतलं थोडं थोडं उचलता येतं. म्हणून एफएमवरच्या कंट्रोलनं जास्त सावध राहायचं: जो ऐकू आला त्याच्याखाली आणखी कोणी दबलेला असू शकतो. प्रश्न ५ मधले गॅलरीतले गृहस्थ असेच दबले होते.

८. नेटला उशीर झाला, किंवा मध्येच उठावं लागलं तर?

उशिरा आलात तर दोन जणांच्या मधल्या फटीत फक्त कॉलसाइन द्या, कंट्रोल सोयीनं घेईल. निघताना मात्र सांगून निघा. यादीत नाव आहे आणि हाक मारली तर उत्तर नाही, असं झालं की कंट्रोल दोनदा-तीनदा हाका मारत बसतो. साध्या बुधवारी त्यात दोन मिनिटं जातात. आपत्तीच्या नेटमध्ये तुम्हाला शोधायला कोणीतरी निघतं.

९. कट्टा रंगलाय. त्यात तोंड कसं घालायचं?

एक बोलून थांबला आणि दुसऱ्यानं बटण दाबायच्या आत जी फट असते, तिच्यात कॉलसाइन टाका. नुसतं कॉलसाइन. ज्याची पाळी असेल तो म्हणेल, "कोणीतरी आलंय, या."

'ब्रेक' शब्दावरून क्लबाक्लबांत वाद आहेत. काही ठिकाणी नुसतं आत यायचं असेल तरी 'ब्रेक' म्हणतात. आमच्याकडे साधं यायचं असेल तर कॉलसाइन, घाईचं काही असेल तर 'ब्रेक', आणि 'ब्रेक ब्रेक' म्हटलं की सगळ्यांनी बटणावरून बोट काढायचं. दुसऱ्या क्लबच्या रिपीटरवर गेलात तर आधी दहा मिनिटं ऐका, तिथली रीत कळेल.

आणि आत बोलवल्यावर विषय आपल्याकडे ओढू नका. चालू गप्पा दोन फेऱ्या ऐका, मग आपलं घोडं पुढे दामटा.

फट मिळतच नसेल तर चूक कट्टेवाल्यांची आहे. रिपीटरचा बीप वाजू द्यायचा आणि मग दाबायचं, हे आम्ही बैठकीत दर सहा महिन्यांनी सांगतो. दर सहा महिन्यांनी सगळे मान डोलावतात.

१०. कट्ट्यावर सहा जण आहेत. पुढे कोण बोलणार हे कळतच नाही.

म्हणून बोलणं संपवताना पुढच्याचं नाव घ्यायचं. "ओव्हर" एवढंच म्हणून सोडून दिलंत तर सहाही जण एकतर गप्प बसतात किंवा एकदम बोलतात (प्रश्न ७). "साताऱ्याकडे देतो" म्हणालात की प्रश्न मिटला. याला राउंड टेबल म्हणतात: क्रम एकदा ठरला की तो गोल फिरत राहतो. कागदावर सहा कॉलसाइन्स गोलात लिहून बाण काढा.

सहाच्या पुढे गेले की कट्टा आपोआप लंगडा होतो. एकाची पाळी परत यायला पंधरा मिनिटं लागतात आणि तोवर काय बोलायचं होतं ते विसरतं. अशा वेळी कोणीतरी, बहुधा ज्याचा सिग्नल सगळ्यांना नीट जातो तो, न सांगता कंट्रोलचं काम करू लागतो. नेट जन्माला येतं ते असंच. कोणी त्याला नाव देत नाही इतकंच.

११. मराठीत बोललं तर चालतं का?

चालतं. नियम एवढाच की बोलणं उघड भाषेत हवं. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक बोलायचं नाही. क्यू कोड (क्यूपासून सुरू होणारी तीन अक्षरी संक्षेपं) चालतो, कारण त्याचा अर्थ जगजाहीर आहे. ४० मीटरवर बंगळुरू, हैदराबादची स्टेशन्स आत आली की आम्ही हिंदी-इंग्रजीवर येतो. ती सभ्यता झाली, सक्ती नाही.

मराठीत एक सापळा आहे, तो आकड्यांचा. गोंगाटात 'सात' आणि 'साठ' सारखेच ऐकू येतात. 'सतरा' आणि 'सत्तर' तसेच. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत तर माझ्या घरीही गोंधळ होतो. म्हणून नेटवर आकडा फोडून सांगायचा: 'पाच नऊ', 'एक सात'. गावाच्या नावासोबत तालुका सांगायचा, कारण नुसतं 'वडगाव' म्हटलं तर महाराष्ट्रात कोणतं वडगाव? कट्ट्यावर हे कोणी पाळत नाही आणि पाळूही नये, पण निरोप लिहून घेताना सूट नाही.

१२. कट्ट्यावर कशाविषयी बोलायचं नाही?

राजकारण, धंदा आणि शिवीगाळ नाही. गाणी वाजवायची नाहीत. मागे टीव्ही चालू असेल तर आवाज कमी करा, गणपतीत आरती संपेपर्यंत बटण दाबू नका. बाकी स्वयंपाक, शेती, अँटेना, नातवंडं सगळं चालतं.

'जुना सेट विकायचाय, सांगू का?' हे दर महिन्याला कोणीतरी विचारतं. लायसन्स हौसेसाठी आहे, पैशाच्या लाभासाठी नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आमच्याकडे रीत अशी: सेट आहे एवढं कळलं तर हरकत नाही, किंमत आणि घासाघीस फोनवर. मला स्वतःला तेवढंही हवेवर नको वाटतं, पण त्यावर क्लबात माझी बाजू एकट्याची आहे.

आणि कृपा करून "आठ दिवस गावाला चाललोय, घर बंद आहे" असं रिपीटरवर सांगू नका. कोण ऐकतंय ते आपल्याला माहीत नसतं.

१३. "आईला फोन करून सांग, मी निघालो" असा निरोप कट्ट्यावरून देता येतो का?

साध्या दिवशी नाही. आई हॅम नाही, म्हणजे ती तिसरी व्यक्ती झाली. तिसऱ्या व्यक्तीसाठी निरोप नेणं-आणणं आपत्तीत आणि मदतकार्यातच, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. तुमच्याकडे मोबाइल आहे, त्यावरून करा. मोबाइलच बंद पडले असतील तेव्हाची गोष्ट वेगळी, ती प्रश्न १७ मध्ये.

१४. बोलता बोलता रिपीटर मध्येच गप्प होतो. बिघडलाय का?

तुम्ही जास्त बोललात. बटण अडकून पडलं तर ट्रान्समीटर जळू नये म्हणून रिपीटरला टायमर असतो, आमच्याकडे तीन मिनिटांचा. बटण सोडून बीप वाजला की तो शून्यावर येतो. अँटेनाची पूर्ण कथा सांगणाऱ्यांना हा टायमर वरदान वाटत नाही, ऐकणाऱ्यांना वाटतो.

१५. रविवारचं नेट सकाळीच का? रात्री घेतलं तर जास्त लोक येतील.

लोक येतील, पण एकमेकांना ऐकू येणार नाहीत. ४० मीटरच्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परत खाली येतात. सकाळी तो थर बऱ्यापैकी तयार असतो, जवळजवळ सरळ वर गेलेली लहरही परत पाठवतो, आणि म्हणून दीडदोनशे किलोमीटरवरचं नाशिक शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. सूर्य वर चढला की खालचा थर लहरी शोषू लागतो, दुपारपर्यंत सगळं मंद होतं. रात्री उलटंच: शोषणारा थर विरतो, पण वरचा विरळ झाल्यामुळे सरळ गेलेली लहर परतच येत नाही. हजार-दोन हजार किलोमीटरवरचा माणूस येतो आणि नाशिक गायब.

कट्टेवाल्यांना याचं काही वाटत नाही. नाशिक नाही तर नाही, जे लागेल त्याच्याशी बोलायचं. ठरलेल्या माणसांना ठरलेल्या वेळी गाठायचं असेल तरच आकाशाचं वेळापत्रक पाळावं लागतं.

१६. कट्टा चालू असताना तातडीची हाक आली तर? तेव्हा तर कंट्रोल कोणीच नसतो.

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि उत्तर सगळ्यांना माहीत असायला हवं. सगळ्यांनी गप्प बसायचं. हाक मारणाऱ्याला ज्याचा आवाज सगळ्यात स्वच्छ जातो त्यानं उत्तर द्यायचं, आणि त्या क्षणापासून तोच नेट कंट्रोल. वय, ग्रेड, क्लबातलं पद बघायचं नाही. त्या कंट्रोलनं बोलवेपर्यंत बाकीच्यांनी मदतीसाठीसुद्धा बोलायचं नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी कट्ट्यावर खऱ्या मिसळीत पोहे असावेत की नाही यावर वाद चालला होता. तेवढ्यात 'ब्रेक ब्रेक'. आमचा एक सभासद घाटात होता. पुढची दुचाकी घसरली होती, मोबाइलला रेंज नाही. पोह्यांची बाजू लढवणाऱ्या काकांचा सिग्नल सगळ्यात चांगला होता. त्याच आवाजात, पण दुसऱ्याच सुरात ते म्हणाले, "बाकी सगळे स्टँडबाय. किलोमीटरचा दगड कोणता?" दगडाचा आकडा फोडून दोनदा घेतला. जखमी किती, शुद्धीवर आहे का. मग एकाला नाव घेऊन सांगितलं, "तुम्ही १०८ ला लावा," आणि दुसऱ्याला, "तुम्ही सगळं वेळेसकट लिहून घ्या." ॲम्ब्युलन्स पोचल्याचं कळेपर्यंत पाऊण तास दुसरं कोणीही बोललं नाही. तो बुधवार नव्हता. त्या वेळी रिपीटर लावून बसलेले नऊच्या नऊ जण मिसळीपायी बसले होते.

१७. आपत्तीतलं नेट साप्ताहिक नेटपेक्षा वेगळं कसं?

पद्धत तीच, फक्त आता निरोप खरे असतात. निरोप तोंडी सांगोवांगी जात नाही, लिहून जातो: क्रमांक, तातडीची पायरी, कोणाकडून, कोणाला, वेळ, आणि मजकुरातले शब्द किती. घेणाऱ्यानं शब्द मोजायचे. पाठवणारा चौदा म्हणतो आणि तुमच्याकडे तेरा आहेत, म्हणजे एक वाटेत पडला. तो 'नाही' हा शब्द असू शकतो.

तातडीच्या पायऱ्या साधारण चार: जिवावरचं, महत्त्वाचं, खुशालीचं, नेहमीचं. नवख्या स्टेशनला आपला प्रत्येक निरोप पहिल्या पायरीवरचा वाटतो. कंट्रोलनं ते शांतपणे खाली उतरवायचं.

हौशी रेडिओवाल्यांनी १९९३ मध्ये किल्लारीच्या आणि २००१ मध्ये भूजच्या भूकंपात संपर्काचं काम केलं. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते अंदमानचं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर जगभरच्या स्टेशन्सशी बोलत होते. हौसेचा उपक्रम होता: अंदमानचं स्टेशन हवेवर दुर्मीळ, म्हणून सगळ्या जगाची झुंबड. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, आणि तेच सेट, तीच माणसं बेटांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवू लागली.

आपण अशा वेळी प्रशासनाच्या हाताखाली काम करतो. परस्पर सेट घेऊन पूरग्रस्त भागात घुसायचं नाही. घरून नुसतं ऐकणं हीसुद्धा ड्युटी असते, आणि ती सगळ्यात कंटाळवाणी.

१८. मला नेट कंट्रोल ऐकूच येत नाही, बाकीचे येतात. काय करू?

ज्याला तुम्ही आणि कंट्रोल दोघंही ऐकू येता त्यानं मध्ये पडायचं. कंट्रोल "कोणाला रिले आहे का?" असं मुद्दाम विचारतो ते यासाठीच. रिले करणाऱ्यानं ऐकलं तसंच्या तसं सांगावं, स्वतःची भर घालू नये. आणि कंट्रोलच मध्येच गायब झाला, लाइट गेली असेल म्हणा, तर ठरलेला पर्यायी कंट्रोल पुढे चालवतो. दर बुधवारी त्याचं नाव सुरुवातीलाच जाहीर होतं. लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

१९. कोणीतरी मुद्दाम शिट्ट्या मारतो, बटण दाबून ठेवतो. त्याला काय सांगायचं?

काहीही नाही. "कोण आहे रे तिकडे" म्हणालात की त्याला हवं ते मिळालं. नेट चालू ठेवा, वेळ लिहून ठेवा, रिपीटर सांभाळणाऱ्याला नंतर फोनवर कळवा.

२०. नेटची वेळ झाली आणि फ्रिक्वेन्सीवर आधीच कोणाच्या तरी गप्पा चालू आहेत. हक्क कोणाचा?

कोणाचाच नाही. फ्रिक्वेन्सी क्लबच्या नावावर नसते, नेट वीस वर्षं जुनं असलं तरीही. ४० मीटरवर आपल्याला ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी आहे आणि सगळ्या देशाला तीच प्रिय. कंट्रोलनं पाच मिनिटं आधी येऊन विचारायचं: "साडेसातला इथं नेट असतं, तुमची हरकत नसेल तर." बहुतेक जण सरकतात. नाही सरकले तर आपण सरकायचं. एसएसबीचा आवाज तीनेक किलोहर्ट्झ जागा खातो, पाच किलोहर्ट्झ बाजूला गेलं की कोणाचं काही बिघडत नाही.

आमच्याच रिपीटरवर आमचाच कट्टा नऊ वाजले तरी आवरत नाही, ते भांडण मात्र वेगळं आणि घरचं आहे.

२१. नेटवर चेक-इन केलं, तर लॉगमध्ये लिहायचं का? क्यूएसएल कार्ड मिळतं?

लॉग ठेवावाच लागतो. नेट असो की कट्टा, तुम्ही बोललात तर नोंद करा. क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची पोचपावती, मात्र ज्याच्याशी प्रत्यक्ष देवाणघेवाण झाली त्याचं. यादीत एकत्र नाव होतं म्हणून तीस जणांना कार्डं पाठवू नका. कार्डावर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) घालायची, म्हणजे साडेपाच तास वजा. रविवारी पहाटे पाचचा संपर्क कार्डावर शनिवारी रात्री साडेअकराचा होतो. यावर दर वर्षी एक तरी गैरसमज होतो.

२२. मला नेट कंट्रोल व्हायचंय. त्यासाठी व्हीयू२ लागतं का?

नाही, व्हीयू३ असलात तरी चालतं. आधी दोन महिने नियमित चेक-इन, एकदा पर्यायी कंट्रोल, मग पाळी. उघडण्याचा आणि बंद करण्याचा मजकूर लिहिलेला मिळेल. जो कट्ट्यावर फारसा बोलत नाही, पण कोण आलं नाही हे ज्याच्या लक्षात येतं, असा माणूस मी शोधत असतो. ज्याला कट्ट्यावरून उठवावं लागतं तोही कधीकधी चांगला कंट्रोल निघतो; प्रश्न १६ मधले काका त्यातलेच.

पुढच्या महिन्याची यादी करतोय. दुसरा आणि चौथा बुधवार रिकामा आहे.